लिंबाची रोपं

आमच्या कॉलनीत झाड म्हणजे गुन्हेगार. कुणालाही विचारा, दारातलं झाड का तोडलं? कचरा होत होता. पानं पडत होती. अहो, झाडाची पानं नाही पडणार तर काय पत्रे पडतील? पण नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीत वाढलेली ही माणसं, बापाच्या बांधावर निंबाखाली बसून भाकर खाल्लेली. नोकरी लागली, जिल्ह्याच्या गावी प्लॉट घेतला, घर बांधलं आणि पहिलं काम काय केलं, तर गेटपासून पायरीपर्यंत सगळ्या अंगणाला फरशी ठोकली. मग मे महिन्यात ती फरशी तापली की संध्याकाळी पाइप धरून अंगण भिजवत बसायचं आणि शेजाऱ्याला म्हणायचं, यंदा ऊन भलतंच शे बुवा! मला या लोकांचा राग येतो. मी त्यांच्यातलीच आहे म्हणून जास्त येतो.

तर या सगळ्या फरशीबाजारात एक मोठं झाड कसंबसं टिकून होतं. आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला. निंब. पुस्तकात त्याला कडुलिंब म्हणतात, आमच्याकडे निंब. कॉलनी पडायच्या आधी तिथं शेत होतं, त्या शेताच्या बांधावरचं ते झाड. कुणी लावलं नव्हतं, त्यामुळे त्यावर कुणाच्या नावाची पाटीही नव्हती. पाटी नसली की आमच्या लोकांना ती वस्तू बेवारस वाटते.

या झाडाशी माझा संबंध आला तो माझ्या मिस्टरांमुळे. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मीही गुरुजीच म्हणते. त्यांचा आयुष्यभर एकच ध्यास, शुद्ध भाषा. पोरांनी वर्गात ‘शे’ म्हटलं की ‘आहे’ म्हणायला लावायचं. मी धानोऱ्याकडची, माहेरी सगळी अहिराणी. लग्न होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, “पानी तापेल शे.” गुरुजींनी टॉवेल खांद्यावर टाकत मला दुरुस्त केलं, “पाणी तापलं आहे.” आंघोळीच्या पाण्याचंसुद्धा व्याकरण! तेव्हापासून मी या घरात शुद्ध बोलायला लागले, आणि आता हे लिहितेय तेही त्यांनीच शिकवलेल्या मराठीत. शिव्या मात्र मी कायम माहेरच्या भाषेत दिल्या. त्या दुरुस्त करायची त्यांची हिंमत झाली नाही.

निवृत्तीनंतर गुरुजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं हळूहळू येईल, धीर धरा. धीर धरला. आणि आलं हो बोलणं, पण काय आलं? सगळी अहिराणी! ज्या माणसानं जन्मभर ‘शे’ खोडलं, तो पहिलं वाक्य बोलला, “तीस लागनी.” मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. तहान लागली म्हणे! मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही झाला. मग मीही त्यांच्याशी अहिराणीतच बोलायला लागले. इतक्या वर्षांनी आमच्या घरात नवराबायको एका भाषेत बोलायला लागले.

घरात त्यांचा जीव घुसमटायचा. दुपारी चारच्या सुमारास म्हणायचे, “माले निंबखाले बठाड.” मी व्हीलचेअर ढकलत रस्ता ओलांडायची आणि त्यांना झाडाखाली नेऊन ठेवायची. तिथं ते खुलायचे. वर पाहायचे, चिमणी आली की “चिडी शे,” म्हणायचे. येणाराजाणारा थांबायचा, दोन शब्द बोलायचा, यांच्या तोंडून चार निघायचे. व्यायाम करवून घेणारी मुलगी घरी यायची, तिच्यापुढे हे मुके. निंबाखाली मात्र रोज एखादा नवा शब्द. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे कुणी मला झाडाचे फायदे सांगायला येऊ नये.

आणि कॉलनीचा रस्ता काँक्रीटचा करायचं ठरलं.

आता आमच्या कॉलनीच्या अध्यक्षाची ओळख करून देते. पन्नाशीतला माणूस, शेतकऱ्याचा मुलगा, सरकारी नोकरीत, पांढरी गाडी, गॉगल कायम डोक्यावर. गाडीपेक्षा गॉगलच जास्त चमकतो. हा गुरुजींचाच जुना विद्यार्थी. घरी आईशी फोनवर अहिराणी बोलेल, पण हातात माईक आला की असा शुद्ध होतो की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. त्याची गाडी रात्रभर निंबाजवळ उभी असायची आणि पाखरं तिच्यावर आपलं काम करायची. एवढं त्या झाडाचं पाप.

तो मला म्हणाला, “काकू, रस्त्याच्या कामाला झाड आडवं येतंय.”

“झाड कसं आडवं येईल? ते आधीपासून उभं आहे, रस्ता आता येतोय,” मी म्हणाले.

“विकासाला विरोध नको ना, काकू. एकाच्या जागी आपण दहा लावू.”

मी त्याला फाडफाड बोलले. गुरुजी तिथं बसतात, तुझे गुरुजी, एवढं तरी बघ, असं मी म्हणाले. तो मान हलवत होता. ज्याला काही करायचं नसतं तो माणूस फार छान मान हलवतो. मला वाटलं, पटलं याला.

मग एक दिवस मी गुरुजींना घेऊन दवाखान्यात गेले, आणि परत येतो तर रिक्षा गल्लीत वळली आणि गुरुजी एकदम ओरडायला लागले. “चाल पुढे! चाल! हाई आपली गल्ली नही शे!” रिक्षावाला माझ्याकडे बघतोय, मी समोर बघतेय. रस्त्याच्या कडेला पांढरं, ताजं खोड जमिनीलगत कापलेलं आणि सगळीकडे पाला. झाडाशिवाय गल्ली त्यांना ओळखूच येईना. आपलं घर समोर दिसतंय तरी हा माणूस रिक्षातून उतरायला तयार नाही. शेवटी दोघांनी धरून उतरवला. त्या दिवशी अध्यक्ष मला सापडला असता तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. तो सापडला नाही. अशा वेळी ही माणसं बरोबर गावाला गेलेली असतात.

खोडावरून काँक्रीट गेलं. गुरुजींना मी अंगणात बसवून पाहिलं, फरशीची झळ सहन होईना. “ऊन लागस,” म्हणायचे. मग आत, भिंतीकडे तोंड करून. बोलणं पुन्हा आटत गेलं. पाणी, भाकर, नको. आणि एक शब्द राहिला, “निंब.” दुपारी चार वाजले की दाराकडे बघायचे आणि म्हणायचे, “निंब कथा गया?” कुठे गेला, काय सांगू? मी म्हणायची, येईल. एखादा माणूस बाजारात गेल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, यांना बाहेर बसवा, माणसांत ठेवा, नाहीतर आहे तेवढंही बोलणं जाईल. बाहेर म्हणजे कुठे, ते डॉक्टरांच्या हातात नव्हतं.

आणि मग, झाड तोडून रस्ता करणाऱ्या याच लोकांना हरित कॉलनीचं वेड लागलं. कुणीतरी सुरतेला गेला होता, तिथले रस्ते बघून आला आणि ग्रुपवर फोटो टाकले. लगेच सगळ्यांचे अंगठे वर. दोन्ही बाजूंना झाडं लावायची, मोकळ्या जागेत बगीचा करायचा. बगीच्याचं पहिलं काम म्हणजे कुंपण आणि दुसरं म्हणजे कुलूप. मध्ये हिरव्या प्लास्टिकचं गवत अंथरलं. शेतकऱ्यांच्या पोरांनी प्लास्टिकचं गवत अंथरलं आणि त्यावर चपला काढून चालायला लागले, तब्येतीला चांगलं म्हणून! मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा म्हटलं, आता गायही प्लास्टिकचीच आणा.

झाडं कुठली लावायची यासाठी सभा भरली. मी ठरवून गुरुजींना घेऊन गेले आणि व्हीलचेअर पहिल्या रांगेत लावली. अध्यक्षानं माईक घेतला आणि पर्यावरण, संवर्धन, समतोल, असे शब्द सुपारी कातरल्यासारखे पाडायला लागला. मग सूचना आल्या. एकाला बाटलीसारखी बुडाला फुगलेली ताडाची झाडं हवी होती, कारण पानं पडत नाहीत. त्यांची सावलीही पडत नाही, पण सावली मागतंय कोण? दुसऱ्याला आसोपालव हवा होता, कारण तो सरळ वाढतो आणि गाडी लावायला जागा राहते. एकंदरीत झाड असं हवं होतं की जे झाडासारखं वागणार नाही.

तेवढ्यात गुरुजी बोलले. किती दिवसांनी एवढ्या मोठ्यानं बोलले असतील! “निंब! निंब लावा!”

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्कन हसलं. अध्यक्षाचा चेहरा क्षणभर लहान पोरासारखा झाला. मग त्यानं माईक सावरला. “गुरुजींची सूचना आहे, लिंब. लिंबाची झाडं. अतिशय शुद्ध हवा देणारं झाड आहे. गुरुजींचा मान म्हणून आपण संपूर्ण कॉलनीत लिंबाचीच रोपं लावू.” टाळ्या पडल्या. आजारी गुरुजींना नाही म्हणायची कुणाची छाती? मला त्या माणसाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. मी घरी येऊन शिरा केला, कपाळ माझं.

आता इथं भाषेची गंमत बघा. आमच्या अहिराणीत काही घोळ नाही. निंब म्हणजे ते कडू झाड आणि निंबू म्हणजे सरबताचं. निंबनं झाड वेगळं, निंबूनं झाड वेगळं, शेंबडं पोरही चुकणार नाही. पण शुद्ध मराठीत गेलात की लिंबाचं दातणही लिंबाचंच आणि लिंबाचं लोणचंही लिंबाचंच. अध्यक्षानं तळोद्याच्या रस्त्यावरच्या नर्सरीत फोन लावला आणि आपल्या माईकच्या आवाजात सांगितलं, लिंबाची रोपं पाठवा. नर्सरीवाल्यानं विचारलं, कागदी देऊ का? याला वाटलं कागदी म्हणजे वरच्या दर्जाची काहीतरी जात. म्हणाला, हो हो, चांगल्यातलीच द्या. हे सगळं तो नंतर स्वतःच सांगत फिरला, नर्सरीवाल्याची चूक दाखवायला. स्वतःच्या बापाच्या शेतात कागदी लिंबाची बाग, आणि याला कागदी म्हणजे काय ते कळलं नाही!

वृक्षारोपणाच्या दिवशी मंडप, खुर्च्या, पाहुणे, सगळं वेळेवर. टेम्पो मात्र उशिरा आला. रोपं गोणपाटात गच्च बांधलेली. पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाची घाई, म्हणून सोडली की खड्ड्यात, सोडली की खड्ड्यात. पाहुण्यांनी झाडाकडे पाहिलंच नाही, कॅमेऱ्याकडे पाहत माती लोटली. एकाच्या बोटाला टचकन काही टोचलं, त्यानं फोटो होईपर्यंत तसंच हसून घेतलं. आमच्या दारासमोरचं रोप मुख्य पाहुण्यांच्या हातचं, गुरुजींचा मान म्हणून. गुरुजींना मी सकाळपासून सांगत होते, आज निंब येई ऱ्हायना, म्हणजे येतोय. त्यांनी स्वतःहून दाढी करून मागितली होती.

रोप लावून झालं. शेजारची बाई पाणी घालायला वाकली, एक पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि किंचाळली, “ए माय वं! हाई ते निंबू शे!”

सगळीकडे धावाधाव झाली. जो तो पान चुरगाळतोय आणि हुंगतोय. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निंबू! मी पोट धरून हसले. मग नवऱ्याकडे वळले. त्यांच्या मांडीवर मी एक डहाळी ठेवली होती, ती त्यांनी डाव्या हातानं नाकाशी नेली, खाली ठेवली आणि तोंड फिरवलं. काही बोलले नाहीत. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. दुपारी चार वाजता दाराकडे बघणंही बंद झालं.

कॉलनीनं काय करावं? मान्य करायचा प्रश्नच नव्हता. ग्रुपवर लिंबाचे औषधी गुण यायला लागले. अध्यक्ष म्हणायला लागला, फळझाडं लावायची हाच मूळ विचार होता. बायकांनी लोणच्याची वाटणी आत्ताच ठरवून टाकली. पण मग कुणाच्या तरी सासूनं विचारलं, ही लिंबं रस्त्यावर पडतील तेव्हा ओलांडायची कशी? आमच्याकडे वाटेत पडलेलं लिंबू कुणी ओलांडत नाही, उतारा असतो म्हणून. मोठमोठे पगार घेणारी माणसं विचारात पडली. झाडाला फळ धरलं की या कॉलनीतले सगळे रस्त्यावरून उड्या मारत घरी जाणार. मी तर त्या दिवसाची वाट बघतेय.

पण मला नुसतं हसून चालणार नव्हतं. घरात माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. पावसाळ्यात नालीच्या कडेला, भिंतीच्या फटीत, निंबाची रोपं कुणी न विचारता उगवतात. ज्या झाडासाठी सभा, मंडप आणि पाहुणे लागले, ते नालीत फुकट उगवलेलं होतं. मी विळा घेतला, एक रोप मातीसकट काढलं, दारासमोरचं पाहुण्यांचं निंबू उपटलं आणि त्या खड्ड्यात निंब लावला. रोपाभोवती बसवलेली लोखंडी जाळी तशीच ठेवली. वर पाहुण्यांच्या नावाची पाटी, आत वीतभर निंब. मग गुरुजींची खुर्ची त्याच्याजवळ नेली आणि त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिले. मला कळत होतं की या काडीची सावली पडेपर्यंत आम्ही दोघं असू की नाही कुणास ठाऊक. गुरुजींनी वाकून एक पान खुडलं, तोंडात टाकलं, चावलं. तोंड कडू करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “निंब.”

तेवढ्यात अध्यक्ष आला. बातमी पोचायला वेळ लागतो होय! गाडी मध्येच लावून उतरला.

“काकू, हे काय? पाहुण्यांच्या हातचं झाड उपटलं? सगळीकडे एकसारखी झाडं असावीत असं ठरलंय आपलं.”

“झाड होतं का ते? सरबत होतं,” मी म्हणाले. “तुझ्या गुरुजींनी भर सभेत निंब मागितला. निंब! तुला ऐकू नाही आलं? तुझी आई काय म्हणते त्या झाडाला? तुझा बाप काय म्हणायचा? तुलाच कशाला शहाणपण सुचलं लिंब म्हणायचं? जिभेला काय झालं होतं तुझ्या?”

मी आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. माहेरच्या भाषेत होतं. त्यानं ऐकून घेतलं. मग डोक्यावरचा गॉगल काढून हातात धरला.

“काकू, मीही निंबच म्हणायचो,” तो म्हणाला. “चौथीत गुरुजींनी झाडांची नावं विचारली. मी म्हटलं, निंब शे, गुरुजी. सगळा वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, लिंब आहे, असं नीट म्हणेपर्यंत बाकावर उभा राहा. मी रडत होतो, मला काही सुचेना. शाळा सुटेपर्यंत उभा होतो मी. तेव्हापासून तोंडात निंब येतच नाही. तुम्ही म्हणता, जिभेला काय झालं.”

टॉवेल खांद्यावर टाकलेले गुरुजी मला दिसले, आणि तापलेलं पाणी. छत्री धरलेला माझा हात भरून आला होता. मी गुरुजींकडे पाहिलं. ते ऐकत होते. झटका आल्यापासून लोक त्यांच्यासमोर असं बोलतात जसं काही त्यांना कळतच नाही, पण त्यांना सगळं कळतं. त्यांचे ओठ हलायला लागले. बराच वेळ हलत राहिले. मग डावा हात उचलून त्यांनी त्या वीतभर रोपाकडे बोट दाखवलं.

“काय शे हाई?” त्यांनी विचारलं. वर्गातला आवाज, तोच.

अध्यक्ष इकडे तिकडे पाहायला लागला. शेजारपाजारचे गेटवर आलेच होते. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

“निंब शे, गुरुजी,” तो म्हणाला.

गुरुजींनी मान हलवली.

“बठ,” ते म्हणाले.

आणि तो बसला. एवढ्या उन्हात, काँक्रीटच्या कडेवर, पांढऱ्या पँटचा विचार न करता बसला.